चवीपुरतं

पहिलं वर्ष मी फक्त सोलत होते.
कोळंबी. बोटाच्या पेराहून लहान, करडी,
बोटीवरच उकडून आलेली.
डोकं धरायचं, शेपटीला अर्धा वळसा द्यायचा, ओढायचं.
दिवसाला चार किलो.
हूझुमच्या बंदरात तेव्हा ओहोटी असायची,
बोटी चिखलात पोट टेकून बसलेल्या,
आणि खिडकीतून एवढंच कळायचं की समुद्रसुद्धा
दिवसातून दोनदा घरी जातो.

मी नाही.

डेटलेफसन शिकवत नसत.
म्हणत, "बघ."
काय बघायचं ते सांगत नसत.
सुरी चुकीची धरली की हातातून काढून घेत
आणि पुन्हा हातात ठेवत,
टोपलीत अंडं ठेवावं तशी.
मंगळवारी शाळा. तिथे सगळ्याला आकडे होते,
मिठालासुद्धा: लिटरला दहा ग्रॅम.
मी वहीत उतरवलं, त्यांना दाखवलं.
"कुठलं लिटर?" ते म्हणाले, "आजचं की कालचं?"

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा चमचा पुढे केला.
माशांच्या काट्यांचं सूप, वर शेपू.
"मीठ?"
"कमी," मी म्हणाले, आणि कानांपर्यंत लाल झाले.
त्यांनी टाकलं. "आता?"
"पुरे."
रात्री मी आईला फोन केला. मला विचारलं, मी सांगितलं,
त्यांनी मला विचारलं.
आई म्हणाली, जेवलीस का?

मला वाटलं परीक्षा आहे.
रोज तो चमचा. सॉस, मोहरीचा रस्सा, बीटाचं पाणीसुद्धा.
मी रोज पास होत होते.

मार्चात एकदा दूध नासलं.
भांडी घासणारा ताम्मे दारातूनच नाक मुरडत आला
आणि डेटलेफसन ते पातेलं
शांतपणे गॅसवर चढवत होते.
ताम्मेनं माझ्याकडे पाहिलं.
मी पातेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं, न बोलता,
ते सुरी घेत तसं,
आणि मोरीत ओतलं.
"सांडलं," मी म्हणाले.
"हं," ते म्हणाले,
आणि कोरडेच हात बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतर कोणी काही बोललं नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी त्यांना न लागणाऱ्या मिठाला जागले,
सव्वा वर्ष.
बाहेर गिऱ्हाइकं म्हणायची,
म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे हो.
मी आत बटाटे सोलत ऐकायचे.
राग यायचा का? यायचा.
गुरुवारी जास्त, कारण गुरुवारी सूप.

परीक्षा फ्लेन्सबुर्गला, जूनमध्ये.
आदल्या रात्री ओटे पुसून झाल्यावर ते म्हणाले,
"तेच सूप. कर."
मी केलं. काटे, कांदा, दोन उकळ्या, शेपू शेवटी.
मीठ टाकलं. चमचा शोधायला वळले.

"कमी आहे," ते म्हणाले.

ते तीन हात लांब, स्टुलावर,
बुटाची नाडी सोडत बसले होते.
मी चाखलं.
कमी होतं. एवढंसंच, पण होतं.

"तुम्हाला कसं..."

"टाकताना तू माझ्याकडे बघितलंस," ते म्हणाले.
"भांड्याकडे बघ."

मी बरणीत हात घातला.
किती घेतलं ते सांगता येणार नाही,
वहीत ते कुठेच नाही.
बाहेर भरती चढत होती,
बोटी एकेक करून चिखलातून पोट उचलत होत्या,
दोरखंड करकरत होते.
ते एक बूट काढून, एका पायात मोजा,
तसेच उठून आले,
वाटी भरून घेतली
आणि उभ्यानंच सगळी प्याले, सावकाश.

"कसं आहे?" मी विचारलं.

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली.
"गरम," ते म्हणाले.